शंभर किलोमीटरच्या डोंगरवाटेची तयारी

प्रश्न: माझे वय ४२ वर्षे आहे. गेली काही वर्षे मी दर रविवारी डांबरी रस्त्यावर पन्नास-साठ किलोमीटर सायकल चालवतो. पाच महिन्यांनी होणाऱ्या १०० किलोमीटरच्या माउंटन बाइक स्पर्धेत मी नाव नोंदवले आहे. मार्गावर एकूण चढ सुमारे २,५०० मीटर असून पूर्ण करण्यासाठी १० तासांची मर्यादा आहे. सायकल हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन (धक्के शोषणारी यंत्रणा) असलेली आहे. एका मित्राचे म्हणणे असे की, दर आठवड्याला एकदा तरी पूर्ण शंभर किलोमीटर चालवल्याशिवाय तयारी होत नाही. पण नोकरी आणि घर सांभाळून मला आठवड्याला आठ तासच मिळतात. मागच्या मोठ्या राइडमध्ये चौथ्या तासानंतर पायात गोळे आले आणि काहीही खावेसे वाटेना. दगडगोट्यांच्या उतारावर मला भीती वाटते. मी आठवड्याला किती किलोमीटर चालवावे? पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली फुल सस्पेन्शन सायकल घ्यावी का?

उत्तर: दर आठवड्याला शंभर किलोमीटर चालवण्याची गरज नाही, आणि आठवड्याचे आठ तास नीट वापरले तर अशी स्पर्धा वेळेत पूर्ण करण्यासाठी ते पुरतात. मात्र तुमचा मुख्य प्रश्न किलोमीटरचा आहे आणि पत्रातल्या साऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत, याकडे आधी लक्ष वेधतो. चौथ्या तासानंतर अन्न नकोसे झाले, ही पोटाची अडचण आहे. उताराची भीती ही हातांची आणि नजरेची आहे. गोळे आले ते पायांत, पण त्यांचेही कारण बऱ्याच अंशी आधीच्या तीन तासांत दडलेले असते. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत हृदय आणि फुप्फुसे सहसा शेवटपर्यंत साथ देतात. त्याआधी हार मानतात ते पोट, हात, कंबर आणि सायकलचा एखादा स्वस्तातला सुटा भाग. पाच महिन्यांची तयारी या सगळ्यांची करायची आहे.

किलोमीटर हे माप डोंगरवाटेवर फसवते. डांबरी रस्त्यावरचे तुमचे साठ किलोमीटर अडीच-तीन तासांत होत असतील. तेच अंतर मातीच्या वाटेने, दीड हजार मीटर चढासह, पाच तासांहून अधिक घेऊ शकते. शरीराला अंतर कळत नाही, श्रमाचा कालावधी आणि त्याची तीव्रता कळते. म्हणून आजपासून सरावाच्या वहीत तास आणि चढाचे मीटर या दोनच नोंदी ठेवा.

आता तुमची वेळेची मर्यादा गणितात मांडून पाहू. दहा तासांतून खाण्यापिण्याचे थांबे, एखादे पंक्चर आणि बारीकसारीक खोळंबा यांसाठी चाळीस मिनिटे वजा केली की ९ तास २० मिनिटे उरतात, म्हणजे सरासरी ताशी पावणेअकरा किलोमीटर. हा आकडा सोपा वाटतो. पण चढाचा हिशेब वेगळा केला की चित्र बदलते. समजा मार्गातले चाळीस किलोमीटर चढाचे आहेत. तुम्ही तासाला ६०० मीटर उंची गाठत असाल, तर २,५०० मीटरला सव्वाचार तासांच्या आत-बाहेर लागतील आणि उरलेले साठ किलोमीटर पाच तासांत सहज होतील. तासाला ५०० मीटर गाठत असाल, तर चढालाच पाच तास जातील. उरलेल्या भागात ताशी साधारण चौदा किलोमीटर ठेवावे लागतील, जे जमण्यासारखे आहे. मात्र तुमचा वेग तासाला ४०० मीटर असेल, तर चढाला सव्वासहा तास लागतील आणि राहिलेल्या तीन तासांत साठ किलोमीटर कच्च्या वाटेने कापणे तुमच्या सध्याच्या अनुभवाला झेपणार नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक ओळखीचा लांब चढ निवडा, पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच श्रमाने तो चढा आणि तासाला किती मीटर उंची गाठली ते लिहून ठेवा. तुमच्या तयारीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच आहे. दर महिन्याला त्याच चढावर, तशाच श्रमाने, तो पुन्हा मोजा.

आठ तासांची वाटणी मी अशी करीन. आठवड्यात एक लांब राइड, सुरुवातीला तीन तासांची. ती दर आठवड्याला वीस-तीस मिनिटांनी वाढवत जावी आणि दर चौथ्या आठवड्याला एकदम कमी करावी, कारण शरीर सुधारते ते श्रमानंतरच्या विश्रांतीत. मधल्या दिवशी एक सत्र चढाचे असावे: नीट अंग गरम केल्यावर बारा ते पंधरा मिनिटांचे दोन किंवा तीन चढ, ज्यात दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, आणि मध्ये पुरेशी उसंत. उरलेल्या दोन राइड तासाभराच्या आणि खरोखर हलक्या असाव्यात. ‘खरोखर’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. वेळ कमी असलेला माणूस प्रत्येक राइड थोडी जोरातच मारतो. त्यामुळे हलक्या दिवशी विश्रांती होत नाही आणि जोराच्या दिवशी जोर उरत नाही. शिवाय आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटे कंबर, पाठ, खांदे आणि पकड यांचा व्यायाम करा. खडबडीत वाटेवर सहा तास हँडल धरून ठेवण्याची ताकद नुसत्या सायकल चालवण्याने येत नाही, आणि कंबर गळाली की पायात बळ असूनही ते पेडलपर्यंत पोहोचत नाही.

सर्वांत लांब राइड स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधी, सुमारे सात तासांची करा. त्या आठवड्यात आणि त्याआधीच्या काही लांब राइडच्या आठवड्यांत आठ तासांची चौकट मोडेल, तेव्हा घरच्यांशी त्या तारखा आत्ताच बोलून ठेवा. ही राइड शक्यतो स्पर्धेसारख्याच जमिनीवर, स्पर्धेच्याच वेळी सुरू करून, तेच कपडे, तेच खाणे आणि तेच सामान घेऊन करायची आहे. वयाच्या चाळिशीनंतर कठोर सत्रे आठवड्यात दोनच ठेवावीत; तिसऱ्याचा मोह टाळावा. आणि जोराचे व्यायाम वाढवण्याआधी एकदा डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा कुटुंबात हृदयविकार असेल तर. श्रमाच्या वेळी छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागणे यांकडे दुर्लक्ष करू नका.

आता पोटाकडे वळतो, कारण माझ्या मते तुमची स्पर्धा तिथेच ठरणार आहे. यकृत आणि स्नायू यांत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदके साठवलेली असतात. चांगल्या जोराने सायकल चालवली तर हा साठा दोन-तीन तासांत आटत येतो. चरबी भरपूर शिल्लक असते, पण तिच्यापासून ऊर्जा सावकाश मिळते आणि चढावर ती अपुरी पडते. त्यामुळे भूक लागल्यावर खायचे, हा रोजचा नियम इथे चालत नाही. पहिल्या अर्ध्या तासातच खायला सुरुवात करावी लागते. श्रम चालू असताना रक्त स्नायूंकडे आणि उन्हात त्वचेकडे वळते, आतड्यांच्या वाट्याला कमी येते, आणि पचन मंदावते. पहिले तीन तास थोडेसेच खाऊन चौथ्या तासाला भरपाई करायला जाणाऱ्याला म्हणूनच मळमळते. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झाले असावे.

अडीच तासांहून लांब श्रमात ताशी ६० ग्रॅम कर्बोदके हे सर्वसाधारण उद्दिष्ट मानले जाते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतील तर सवयीने ९० ग्रॅमपर्यंत जाता येते, कारण या दोन शर्करा आतड्यातून वेगवेगळ्या मार्गांनी शोषल्या जातात. तुम्ही लगेच साठावर उडी घेऊ नका. ताशी ३०-४० ग्रॅमपासून सुरुवात करा आणि दर दोन आठवड्यांनी थोडे वाढवा. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज येईल. स्नायूंप्रमाणे आतड्यांनाही सवय लावता येते, पण ती प्रत्येक लांब राइडमध्ये खाऊनच लागते. घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की इच्छा असो वा नसो, दोन घास किंवा दोन मोठे घोट घ्या. सगळे गोड पदार्थच घेऊ नका; पाचव्या तासाला गोडाचा वीट येतो आणि तेव्हा एखादा खारट, मऊ पदार्थ जवळ असला तर जीव परत येतो. कुठे खायचे हेही ठरवून ठेवा: सपाट किंवा सौम्य चढाच्या भागात, आणि खडतर तुकडा सुरू होण्याच्या बरेच आधी. एक लहान गोष्ट फार उपयोगी पडते. सहाव्या तासाला बोटे सुजल्यासारखी झालेली असतात, हातमोजे घामाने ओले असतात, आणि जेलचे (ऊर्जेसाठीच्या गोड, घट्ट द्रवाचे) किंवा खाऊच्या बारचे वेष्टन काही केल्या फाटत नाही. दातांनी ओढताना नजर वाटेवरून हटते, चाक दगडावर चढते किंवा घास खाली पडतो आणि माणूस ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणून खाणे सोडून देतो. आदल्या रात्रीच सगळ्या वेष्टनांना कात्रीने चीर देऊन, एका हाताने निघतील अशी खिशात लावून ठेवा.

पाण्याचे प्रमाण हवामानावर आणि तुमच्या घामावर अवलंबून असते. बहुतेकांना ताशी ४०० ते ८०० मिलिलिटर लागते. नेमके आपले किती, हे कळण्यासाठी राइडच्या आधी आणि नंतर वजन करा, मध्ये प्यायलेले पाणी हिशेबात धरा. एक किलो घट म्हणजे जवळपास एक लिटर द्रव. थोडी घट चालते, पण राइडनंतर वजन वाढलेले दिसले तर तुम्ही जास्त पीत आहात. नुसते साधे पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायल्याने रक्तातले सोडियम घसरते. डोकेदुखी, मळमळ, बोटे सुजणे आणि गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे असून प्रसंगी ते जिवावर बेतू शकते. म्हणून एका बाटलीत इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षार मिसळलेले पाणी, आणि दुसरीत साधे पाणी ठेवा, तहानेचे ऐका आणि भीतीपोटी पिऊ नका.

गोळे केवळ मीठ कमी पडल्याने येतात, ही समजूत पक्की रुजलेली आहे. प्रत्यक्षात स्नायूला सवयीपेक्षा अधिक वेळ किंवा अधिक जोराने राबवले की ते येतात, हे कारण अधिक वेळा लागू पडते. सुरुवातीचे दोन तास आवरून चालवणे, पुरेसे हलके गिअर असणे आणि लांब राइड हळूहळू वाढवत नेणे हेच त्यावरचे खरे उपाय आहेत. गोळा आलाच तर उतरून तो स्नायू सावकाश ताणा आणि काही वेळ हलक्या गिअरमध्ये चालवा. वेदनाशामक गोळ्या मात्र घेऊ नका. आयबुप्रोफेनसारखी औषधे लांब श्रमात, शरीरातले पाणी कमी झालेले असताना, मूत्रपिंडांवर ताण आणतात.

उताराची भीती घालवण्यासाठी धाडस लागत नाही, तंत्र लागते, आणि ते लहान तुकड्यांत शिकता येते. दोनशे मीटरचा एक दगडगोट्यांचा उतार निवडा. आधी तो चालत उतरा आणि वाट नजरेत भरून घ्या. मग सीट खाली करून, दोन्ही पेडल आडव्या पातळीत ठेवून, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपरे सैल, अशा स्थितीत सायकल खाली सोडा. ब्रेकच्या दांड्यावर प्रत्येक हाताचे एकच बोट ठेवा. बाकीची बोटे हँडलला धरून राहू द्या. दांडा फार लांब असेल तर तो जवळ आणणारा स्क्रू असतो, तो फिरवून घ्या. चाकासमोरच्या दगडाकडे बघू नका, सात-आठ मीटर पुढे बघा. नजर जिथे अडते तिथेच सायकल जाते. घाबरलेला सायकलस्वार संपूर्ण उतारभर ब्रेक अर्धवट दाबून ठेवतो. त्याने ब्रेक तापतात, पुढचे बाहू दगडासारखे घट्ट होतात आणि सायकल प्रत्येक दगडाला अडखळते, म्हणून भीती आणखी वाढते. त्याऐवजी वळणाआधी, जमीन घट्ट असेल तिथे, दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग उतरवा आणि खडबडीत तुकड्यात ते सोडा. हाच दोनशे मीटरचा तुकडा एका सत्रात सात-आठ वेळा करा. पहिले तीन महिने हा सराव राइडच्या सुरुवातीला, अंग ताजे असताना; शेवटच्या दोन महिन्यांत लांब राइडच्या अखेरीस, थकलेल्या अवस्थेत, थोड्या कमी वेगाने. स्पर्धेतले पडणे बहुधा अखेरच्या तासांत होते. एखादा तुकडा आपल्या आवाक्यातला नाही असे वाटले तर वेळेत उतरून सायकल हाताने न्यावी. अशा चालण्यात दोन मिनिटे जातात, पडल्यावर स्पर्धा जाते.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर तळहातातून जाणारी नस हँडलवर दाबली जात आहे असे समजा. ग्रिप बदलणे, ब्रेकच्या दांड्यांचा कोन मनगट सरळ राहील असा करणे आणि सीटचे नाक पुढे झुकलेले नाही ना हे पाहणे, यांनी बहुतेक वेळा फरक पडतो. सीटची उंचीही तपासून घ्या. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा सुमारे २५ ते ३५ अंशांत वाकलेला असावा.

फुल सस्पेन्शन सायकल या स्पर्धेसाठी घेऊ नका. तिने पाठीला आराम मिळतो आणि खडकाळ भागात चाक जमिनीला चिकटून राहते, हे खरे. पण तिचे वजन आणि देखभाल अधिक असते, आणि पाच महिन्यांत नव्या सायकलशी जुळवून घेण्यातच तुमचा सरावाचा वेळ जाईल. तुमच्या हार्डटेलवर तीन गोष्टी करा. पहिली गिअरची: सर्वांत तीव्र चढावर सर्वांत हलक्या गिअरमध्येही पेडलची गती मिनिटाला साठ फेऱ्यांच्या खाली जात असेल, तर पुढची, म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती दोन दातांनी लहान बसवून घ्या. दुसरी टायरची: ट्यूबलेस करून घ्या आणि रस्त्यावरच्या सवयीने हवा ठासून भरू नका. साधारण ७५ किलो वजनाच्या सायकलस्वाराला रुंद ट्यूबलेस टायरमध्ये वीस-चोवीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) आसपास, पुढे किंचित कमी, ही सुरुवात चांगली. तिथून एकेक पीएसआय कमीजास्त करून आपला आकडा शोधावा. टायरमधले सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारे द्रव, काही महिन्यांत वाळते, म्हणून चाक काढून कानाजवळ हलवा. आत द्रव खळखळला नाही तर नवे भरा. तिसरी गोष्ट झीज: चेन मापकाने तपासा, अकरा-बारा गिअरच्या चेनची झिजून झालेली लांबीतली वाढ ०.५ टक्क्याला पोहोचली की ती बदला, नाहीतर कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) खराब होईल. संपूर्ण सर्व्हिसिंग स्पर्धेच्या तीन आठवडे आधी करा, म्हणजे काही सैल राहिले असेल तर ते सरावातच उघडकीला येईल. नवे ब्रेक पॅड बसवले तर वेग घेऊन पंधरा-वीस वेळा हळूहळू ब्रेक लावून ते रोटरवर (ब्रेकच्या धातूच्या चकतीवर) बसवून घ्यावे लागतात.

सोबत मल्टिटूल, चेनचा जोडदुवा, टायरचे प्लग, एक ट्यूब, पंप आणि तुमच्याच फ्रेमचा डिरेल्युअर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा लहान तुकडा) ठेवा. हा हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि थांब्यावरच्या मेकॅनिककडे तो मिळेलच असे नाही. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब बसवण्याचा सराव घरी दोनदा तरी करा; ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटे जपून फिरवली नाहीत, तर आधीच्या प्रवासात रुतलेले आणि सीलंटने झाकलेले काटे नव्या ट्यूबला लगेच भोके पाडतात.

शेवटच्या दोन आठवड्यांत सरावाचे तास निम्म्यापर्यंत आणा, पण चढाचे छोटे, जोराचे तुकडे चालू ठेवा. पाय जड वाटतील आणि तयारी हातची गेली अशी शंका येईल. तेव्हा एखादी लांब राइड मारून खात्री करून घेण्याचा मोह आवरा. स्पर्धेच्या दिवशी पहिला तास तुम्हाला अगदी सावकाश वाटला पाहिजे. पहिल्या चढावर अनेक जण पुढे जातील, त्यांना जाऊ द्या; चढाच्या सरावात जो श्रम दोन-चार शब्दांपुरता होता, तो पहिल्या चार तासांत एकदाही येता कामा नये. थांब्यावर पोहोचण्याआधीच काय भरायचे, काय खायचे हे मनात ठरवून ठेवा आणि बसू नका.

आता राहिला एक निर्णय, जो आत्ता घेता येणार नाही. चौथ्या महिन्याच्या अखेरीस तुमचा चढाचा आकडा तासाला ५०० मीटरच्या वर गेला असेल आणि ताशी ५०-६० ग्रॅम खाऊन सहा तासांची राइड निभली असेल, तर निश्चिंत मनाने शंभर किलोमीटरच्या रांगेत उभे राहा. आकडा साडेचारशेच्या खाली अडकला असेल आणि त्याच स्पर्धेत छोटा पल्ला उपलब्ध असेल, तर नोंदणी बदलून घ्या. तीन-चार तासांत संपणाऱ्या पल्ल्यातही ही सगळी तयारी कामी येते. मधल्या पट्ट्यात असाल, तर आयोजकांकडून वाटेतल्या थांब्यांच्या वेळमर्यादा मागवून त्या तुमच्या चढाच्या वेगाशी ताडून पाहा, कारण बाद होण्याची वेळ बहुधा अंतिम रेषेवर येत नाही, ती मधल्या एखाद्या थांब्यावर येते. तो तक्ता आणि तुमचा मोजलेला आकडा मला पाठवलात तर कोणत्या थांब्यावर किती वाजता पोहोचायला हवे, याचे वेळापत्रक आपण मिळून करू.